फ्लॅटमधलं स्वयंपाकघर शरीराला सोयीचं कसं करावं: मापं, क्रम आणि नेहमीच्या चुका

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं की पहिली चर्चा शटरच्या रंगाची होते, दुसरी दगडाची. ओटा किती उंच हवा हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. तो 'नेहमीच्या मापाचा' बसतो आणि मग वर्षानुवर्षं कंबर, मान आणि खांदे त्या मापाशी जुळवून घेत राहतात.

गोंधळ मुख्यतः क्रमाचा आहे. नळ, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग या भिंतीत आणि फरशीखाली जाणाऱ्या गोष्टी कामात सगळ्यात आधी येतात. पण त्या कुठे हव्यात हे ज्या मापांवर ठरतं, ती मापं घेतली जातात कपाटांची ऑर्डर देताना. तोवर टाइल्स बसलेल्या असतात. खालचे टप्पे म्हणूनच याच क्रमाने करा.

टप्पा १: फोडाफोडीआधी आठवडाभर निरीक्षण

सध्याच्या स्वयंपाकघरात, मग ते भाड्याच्या घरातलं का असेना, आठवडाभर एक कागद चिकटवून ठेवा. जिथे वाकावं लागलं, चवड्यांवर उभं राहावं लागलं, एक भांडं काढायला चार हलवावी लागली, गरम भांडं हातात धरून जागा शोधावी लागली, ते तिथल्या तिथे लिहा. रात्री आठवून लिहू नका. शरीराला सवय झालेली असते, त्यामुळे बरंच काही आठवतच नाही.

त्याच कागदाच्या मागे लिहा:

- सर्वांत जास्त वेळ कोण उभं राहतं, उजव्या हाताने काम करतं की डाव्या
- एका वेळी किती जण आत असतात
- कोणाचं गुडघ्याचं, पाठीचं, खांद्याचं दुखणं आहे का
- सर्वांत जड आणि सर्वांत उंच भांडं कोणतं
- प्रत्येक उपकरणाची रुंदी, खोली, उंची, दार कोणत्या बाजूला उघडतं, वायर किती लांब आहे

उपकरणं अजून घ्यायची असतील तर मॉडेल आत्ताच नक्की करा. 'फ्रिज मावेल एवढी जागा ठेवा' असं सांगून ठेवलेली जागा नेमकी दोन बोटं कमी पडते, कारण फ्रिजच्या मागे, वर आणि बाजूला हवेसाठी सोडायची मोकळी जागा कोणी मोजलेली नसते.

सावधान: खांब, तुळया आणि भार पेलणाऱ्या भिंती तोडायच्या नाहीत. इमारतीत पाण्याची जागा कुठपर्यंत सरकवायला परवानगी आहे हे आधी लेखी विचारून घ्या. गॅसच्या पाइपला हात लावायचा तो फक्त अधिकृत माणसाने.

टप्पा २: माणसाची मापं

खोलीआधी माणूस मोजा. सर्वांत महत्त्वाचं माप कोपराचं. स्वयंपाकघरात अनवाणी वावरत असाल तर अनवाणी, सपाता घालत असाल तर त्या घालून भिंतीला पाठ लावून उभं राहा. दंड सरळ खाली, हात कोपरात काटकोनात. जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. मोजताना माणसं नकळत ताठ होतात आणि खांदे वर ओढतात, त्यामुळे माप दोन-तीन सेंमी वाढतं. श्वास सोडायला लावा, खांदे सैल पडू द्या, मग टेप लावा.

दुसरं माप हात वर कुठपर्यंत पोचतो त्याचं. हे मोकळ्या भिंतीशी घेऊ नका. ओट्यासमोर उभं राहिलं की ओटा शरीराला मागे ढकलतो, त्यामुळे हात तेवढा वर पोचत नाही. आहे त्या ओट्यासमोर, टाचा जमिनीवर टेकवून, हातात एक डबा धरून तो किती उंचीवर *ठेवता* येतो ते पाहा. नुसतं बोट टेकण्याला अर्थ नाही. खांद्याची उंचीही लिहून ठेवा, ती मायक्रोवेव्हसाठी लागेल.

घरात दोन वेगळ्या उंचीची माणसं स्वयंपाक करत असतील तर मध्यम माप काढू नका, ते कोणालाच सोयीचं होत नाही. जास्त वेळ उभं राहणाऱ्याचं माप धरा. दोघांचा वेळ सारखाच असेल तर बुटक्या माणसाचं धरा. उंच माणूस जाड कापायची फळी ठेवून पातळी वर आणू शकतो, बुटक्या माणसाला ओटा खाली घेता येत नाही. पायाखाली पाट घेऊन पेटत्या शेगडीपाशी उभं राहणं हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

टप्पा ३: खोलीची मापं

भिंती सरळ आहेत असं कधीच धरू नका. प्रत्येक भिंतीची लांबी जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला अशी तीनदा मोजा. तिन्हीतलं सर्वांत लहान माप खरं माना. कोपरा काटकोनात आहे का ते सुताराच्या गुण्याने (काटकोनी पट्टीने) पाहता येतं, पण मोठ्या कोपऱ्यासाठी सोपी रीत ही: एका भिंतीवर ६० सेंमीवर खूण, दुसरीवर ८० सेंमीवर खूण, दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर १०० सेंमी यायला हवं. कमी-जास्त आलं तर कोपरा वाकडा आहे आणि दगड कापणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

जमिनीची पातळीही तपासा. ओट्याची उंची सर्वांत उंच ठिकाणापासून मोजायची आणि बाकीच्या ठिकाणी कपाटांचे पाय उंच करायचे.

सर्वांत जास्त होणारी चूक इथली: जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवायची असेल तर टाइल आणि चिकटवणीने जमीन एक-दीड सेंमी वर येते. ओटा जुन्या जमिनीवरून मोजला असेल तर तो तेवढाच बुटका होतो. सगळी मापं *तयार* जमिनीपासून धरा आणि ती रेष आत्ताच भिंतीवर मारून ठेवा.

खिडकीचा खालचा काठ, तिचं दार आत उघडतं का (उंच नळ आडवा येईल), खोलीचं दार कुठे उघडतं, शाफ्ट (इमारतीचे पाइप खाली उतरतात ती उभी मोकळी जागा) कुठे आहे, हेही नोंदवा.

तपासा: एकाच एककात लिहा. सुतार इंचात बोलतो, उपकरणांच्या पुस्तिका मिलिमीटरमध्ये असतात, आणि निम्म्या चुका या दोहोंच्या मध्ये होतात. दुसऱ्या माणसाने न पाहता पुन्हा मोजावं, मग दोन्ही कागद जुळवावेत.

टप्पा ४: फ्रिज, सिंक, शेगडी यांची जागा

फ्रिज, सिंक आणि शेगडी यांचा त्रिकोण करा, असं सगळे सांगतात. त्याची मापं अशी: प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्हींची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत. एल आकाराच्या किंवा समोरासमोर ओटे असलेल्या स्वयंपाकघरात हे उपयोगी आहे. पण लहान फ्लॅटमध्ये बहुधा एकाच भिंतीला ओटा असतो आणि सरळ रेषेत त्रिकोण होत नाही. तिथे कामाचा ओघ पाहा: जिन्नस काढणं, धुणं, चिरणं, शिजवणं, उतरवून ठेवणं. म्हणजे फ्रिज, मग सिंक, मग मोकळा ओटा, मग शेगडी, मग पुन्हा थोडा मोकळा ओटा.

या ओळीत सर्वांत मोलाची जागा सिंक आणि शेगडी यांच्यामधली. खरं काम तिथे होतं. ती ९० सेंमी ठेवा. अगदीच जागा नसेल तर ६०. ही जागा खाऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दीड मीटर मोकळा ओटा सोडलेली स्वयंपाकघरं खूप दिसतात. तो मोकळा ओटा पुढे उपकरणं आणि डबे मांडायची जागा होतो आणि चिराचिरी वीतभर जागेत चालते.

शेगडीच्या एका बाजूला निदान ३० आणि दुसऱ्या बाजूला ४० सेंमी मोकळं हवं, भांडं उतरवायला आणि दांडा भिंतीला न आपटायला. फ्रिजचं दार ज्या बाजूला उघडतं तिथे हातातलं ठेवायला ४० सेंमी ओटा हवा. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवला तर दार काटकोनापलीकडे उघडत नाही आणि आतले खण बाहेर येत नाहीत.

मधला रस्ता एका माणसासाठी १०५ ते ११० सेंमी, दोघांसाठी १२० सेंमी. मोजायचा तो एका कपाटाच्या मुठीपासून (हँडलपासून) समोरच्या कपाटाच्या मुठीपर्यंत. कपाटाच्या शटरपासून मोजलेला कागदावर रुंद दिसतो. दोन्हीकडे ओटे करून रस्ता ९० सेंमीच्या खाली जाणार असेल तर एक बाजू सोडून द्या, किंवा समोरच्या बाजूला फक्त ३०-३५ सेंमी खोलीची मांडणी करा. समोरासमोर ओटे असतील तर सिंक आणि शेगडी एकाच बाजूला घ्या. नाहीतर पाण्याने भरलेलं जड भांडं घेऊन दिवसभर गिरकी घ्यावी लागते आणि मधली लादी कायम ओली राहते.

सिंक शाफ्टपासून जितकं लांब न्याल तितका सांडपाण्याच्या पाइपला उतार जास्त लागतो. दर मीटरला दोन-अडीच सेंमी धरा. तो उतार कपाटाच्या आत कुठून जाणार हे आत्ताच पाहा, आणि ट्रॅप (सिंकखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) हाताला येईल असाच ठेवा. तो मागे गाडला तर तुंबल्यावर कपाट तोडावं लागतं.

टप्पा ५: उंची, आणि ती एकच नको

हा टप्पा घाईत उरकू नका. बाकी सगळं पुढेमागे बदलता येतं, दगडाची पातळी बदलत नाही.

ओटा एकसारखा असावा असं आपल्याला वाटतं, पण त्यावरची कामं एकसारखी नसतात. चिरणं, निवडणं, मिसळणं अशा हलक्या कामाला हाताची पातळी कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली हवी. मळणं, लाटणं, कुटणं अशा जोर लावायच्या कामाला अंगाचा भार वरून यावा लागतो, म्हणून २० सेंमी किंवा त्याहूनही खाली. सिंकमध्ये हात काठावर नसून तळाशी काम करतात. शेगडीवर ते भांड्याच्या *तोंडाशी* काम करतात.

कोपर ९८ सेंमीवर असलेल्या माणसाचा हिशोब करू.

चिरण्याचा ओटा ८६ सेंमी. इथपर्यंत ठीक. याच ओट्यात २० सेंमी खोल सिंक बसवलं तर तळ ६६ सेंमीवर गेला, कोपरापासून ३२ सेंमी खाली. भांडी घासताना पाठ वाकते ती यामुळे, आणि दोष मात्र वयाला दिला जातो. आता शेगडी पाहा. ओट्यावर ठेवायची १० सेंमी उंचीची शेगडी असेल तर जाळी ९६ वर, त्यावर २० सेंमीचं भांडं म्हणजे तोंड ११६ वर. ढवळताना दंड बाजूला उचलला जातो, खांदा कानाकडे चढतो आणि आत काय चाललंय ते नीट दिसत नाही.

आता दोन पातळ्या करून पाहा. सिंक आणि चिरण्याची जागा ८८ सेंमीवर, सिंक १६-१८ सेंमीच खोल. शेगडी आणि तिच्या दोन्ही बाजू ७८ सेंमीवर. सिंकचा तळ ७० च्या वर आला, भांड्याचं तोंड १०८ वर उतरलं, आणि शेगडीशेजारचा खालचा ओटा मळायला-लाटायला आयता मिळाला. एका पायरीत तीन प्रश्न सुटतात. पुढे कधी ओट्यात बुडवलेली शेगडी घेतलीत तर जाळी आणखी खाली जाईल, म्हणून शेगडीचा प्रकार इथेच पक्का करा.

पायरी करताना तीन गोष्टी सांभाळा. पायरी शेगडीला लगटून नको. दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी खालची पातळी हवी, म्हणजे गरम भांडं न उचलता सरकवता येतं. पायरीचा काठ गोलसर घासून घ्या. आणि भांडी धुण्याचं यंत्र खालच्या पातळीखाली बसत नाही, त्याला साधारण ८२ सेंमी उंची लागते. ते सिंकजवळ वरच्या पातळीखालीच ठेवा.

ज्यांना दोन पातळ्या नकोच असतील त्यांनी निदान शेगडी ओट्यात बुडवलेली घ्यावी, सिंक उथळ घ्यावं आणि मळण्यासाठी ७५ सेंमीच्या आसपासची ओढून काढता येणारी फळी ठेवावी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीच फळी बसून काम करायला उपयोगी पडते, फक्त तिच्याखाली गुडघे जातील अशी जागा मोकळी हवी.

ओट्याची खोली ६० सेंमी. खालच्या कपाटाच्या पायथ्याशी ८ सेंमी खोल आणि १० सेंमी उंच खाच सोडायला सांगा. पावलं आत गेली नाहीत तर माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि पुढे झुकतो. ओटा बरोबर मापाचा असूनही पाठ दुखते, ती कित्येकदा या खाचेअभावी.

टप्पा ६: नमुना ओटा

कागदावरच्या मापांवर विसंबून पुढे जाऊ नका. टेबल, विटा, पुठ्ठ्याची खोकी, प्लायचा तुकडा असं जे मिळेल त्यातून दोन्ही पातळ्या उभ्या करा. जमिनीवर खडूने ओटा, फ्रिजचं उघडं दार, ओढलेला ड्रॉवर आखा. मग खरंच चिरून पाहा, बादलीत भांडी घासून पाहा, पाण्याने भरलेलं जड भांडं एका जागेवरून दुसरीकडे न्या. पाच मिनिटांत काही कळत नाही. अर्धा तास सलग उभं राहा. खांदे वर चढत असतील तर पातळी उंच आहे, मान आणि कंबर पुढे जात असेल तर बुटकी.

तपासा: दोन-दोन सेंमी वरखाली करून पुन्हा पाहा. घरातल्या दुसऱ्या स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही उभं करा. उंची ठरली की ती दगडाच्या जाडीसकट लिहा: पाय १०, कपाट ७२, दगड ४, एकूण ८६, अशा बेरजेच्या स्वरूपात. नुसतं '८६' लिहिलं की सुतार ते कपाटाचं माप समजतो आणि दगड त्यावर चढतो.

टप्पा ७: साठवण

कंबरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सोन्याच्या मोलाचा. रोजच्या वस्तू तिथे. जड वस्तू कंबरेच्या जरा खाली, ड्रॉवरमध्ये. हलक्या आणि क्वचितच्या वस्तू वर. जड भांडं डोक्यावरच्या खणात कधीच नको.

ओट्याखाली दाराच्या कपाटांपेक्षा पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर घ्या. दारामागच्या ६० सेंमी खोल फळीवर मागचं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं. ड्रॉवरमध्ये तेच वरून दिसतं. खर्च वाढतो, म्हणून सगळीकडे शक्य नसेल तर शेगडीखाली आणि चिरण्याच्या जागेखाली तरी करा. चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) भारानुसार घ्या आणि मूठ चार बोटं आत जातील अशी.

वरची कपाटं ओट्यापासून ४५ ते ६० सेंमी वर, ३०-३५ सेंमी खोल. किती वर, हे टप्पा २ मधल्या डब्याच्या मापावर ठरवा. ओट्याच्या दोन पातळ्या असल्या तरी वरच्या कपाटांचा खालचा काठ एका रेषेत ठेवता येतो, फक्त डोकं आपटत नाही ना ते नमुना ओट्यापाशी पाहून घ्या.

मायक्रोवेव्हचा तळ खांद्यापेक्षा वर नको. उकळतं भांडं चेहऱ्यासमोरून खाली घेताना भाजतं.

टप्पा ८: वीज, उजेड, धूर

फक्त छताच्या मध्यभागी दिवा असेल तर चिरताना आपलीच सावली फळीवर पडते. वरच्या कपाटांखाली दिव्याची पट्टी लावा, आणि ती *पुढच्या* काठाजवळ, भिंतीलगत नाही. तिची वायर टाइल्सआधी ओढायची असते, नंतर ती उघडीच राहते.

प्लग ओट्यापासून १५-२० सेंमी वर, सिंक आणि शेगडीपासून दूर. जास्त वीज खाणाऱ्या उपकरणांना स्वतंत्र लाइन आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). फ्रिजचा प्लग फ्रिजच्या मागे नको, हात पोचेल असा शेजारच्या कपाटात. गॅसचा व्हॉल्व्हही जळत्या शेगडीवरून हात न नेता बंद करता आला पाहिजे.

धूर ओढणाऱ्या चिमणीची उंची शेगडीच्या *जाळीपासून* मोजा. गॅससाठी ती बहुधा ६५ ते ७५ सेंमी असते, पण बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतला आकडा अखेरचा. पाइप जितका सरळ आणि आखूड तितकी ओढ चांगली.

टप्पा ९: कामाचा क्रम आणि ताबा घेताना

फोडाफोड, मग प्लंबिंग आणि गॅस, मग वायरिंग. भिंत बंद करण्याआधी पाण्याचे पाइप दाबाखाली तपासा आणि उघड्या भिंतींचे मापपट्टी धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तेच वाचवतात. नंतर गिलावा, जमीन, खालची कपाटं, दगडाचं माप, दगड, मागच्या भिंतीच्या टाइल्स, वरची कपाटं, उपकरणं. दगडाचं माप कपाटं लेव्हलमध्ये बसल्यानंतर घ्यायचं, नकाशावरून नाही.

ताबा घेताना सगळी दारं आणि ड्रॉवर *एकाच वेळी* उघडा; कोपऱ्यात एकमेकांना अडणारे तेव्हाच सापडतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद पसरून पाहा. ओट्याच्या पुढच्या कडेवर लेव्हल ठेवा. ड्रॉवर रिकामे ओढून समाधान मानू नका, भांडी भरून ओढा. भरलेल्या वजनाने चॅनेल आणि बिजागऱ्या महिन्याभरात थोड्या बसतात, त्यामुळे महिन्यानंतरची एक फेरी सुताराच्या कामात आधीच लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्या फेरीनंतर द्या.